चौसष्टाचे आठ मीच केले

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी कुजबुजायला नको. दूध संघानं हौसेनं आणलेल्या चौसष्ट प्रोसेसरच्या नव्याकोऱ्या मशीनला "तुला आठच आहेत असं समज" हे मीच सांगितलं. लेखी सांगितलं, खाली सही केली. उद्या कुणी मला परत त्या खुर्चीत बसवलं तर परत सांगेन. या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "मॅडम, नोकरीतल्या गोड आठवणी लिहा." गोड आठवणी आहेत की, ढीगभर आहेत. पण बायकांनी नेहमी गोडच का लिहायचं? मी ही लिहिते.

मी जळोचीची. तिथूनच स्कूटीवर बारामतीला संघात जायचे. संगणक विभागात कारकून म्हणून लागले आणि त्याच विभागाची प्रमुख म्हणून बाहेर पडले. मधल्या बढत्या-बदल्या सांगत बसत नाही, त्यात कुणाला रस असणार? माझं काम डेटाबेस सांभाळायचं. हे सांगितलं की समोरचा माणूस मान हलवतो आणि विषय बदलतो. म्हणून पणदऱ्याच्या आबांची गोष्ट सांगते.

आबा म्हणजे पणदऱ्याच्या दूध संकलन केंद्राचे सचिव. एकदा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, ह्या डब्यात आमचं समदं दूध हाय म्हनत्यात. खरं का?"

"दूध नाही आबा, दुधाची नोंद," मी म्हटलं आणि त्यांच्या केंद्राचा कोड टाकून कितीतरी वर्षांपूर्वीची एक सकाळ काढून दाखवली. किती लिटर, फॅट किती, कॅन किती.

आबा वाकून बघत राहिले. "बराबर हाय. त्या टायमाला आमची मोठी म्हस आटली हुती. कमीच दावतंय." मग म्हणाले, "पर ताई, एवढं ध्यानात ठिवून ह्येचं डोकं दुखत नसंल?"

"दुखतं ना आबा. म्हणून तर मी आहे."

तर डेटाबेस म्हणजे हे. शेकडो केंद्रांचं सकाळ-संध्याकाळचं दूध ध्यानात ठेवणारी आणि विचारलं की सांगणारी व्यवस्था. ती चालू करताना तिला बऱ्याच गोष्टी सांगाव्या लागतात. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, मेमरी किती वापरायची, एखादा मोठा प्रश्न आला तर तो सोडवायला किती मदतनीस लावायचे. मदतनीस म्हणजे माणसं नव्हेत, मशीनच्या आतली छोटी छोटी कामं. यातल्या ज्या ओळी तुम्ही कोऱ्या सोडाल, त्या डेटाबेस स्वतःच्या मनानं भरतो. कशाच्या जोरावर? चालू होता होता तो मशीनला विचारतो, प्रोसेसर किती आहेत? आणि जितके प्रोसेसर, तितके त्याचे हात सैल सुटतात. आमच्याकडे एका प्रोसेसरमागं दोन मदतनीस असा त्याचा ठोकताळा होता. जुन्या मशीनला चार प्रोसेसर होते, म्हणजे मोठ्या प्रश्नाला आठ मदतनीस. बरी चालली होती गाडी.

मग नवं मशीन आलं. चौसष्ट प्रोसेसर! चेअरमनसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आकडा सांगायचे. मी जनरल मॅनेजरना सांगितलं होतं, "साहेब, पंधरा दिवस जुनं आणि नवं दोन्ही शेजारी-शेजारी चालवू. खरं काम टाकून बघू. मगच जुनं बंद करू."

साहेब म्हणाले, "मॅडम, अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आलीय. चेअरमनसाहेबांच्या हस्ते बटण दाबायचं ठरलंय. मुहूर्त काय तुमच्या चाचणीसाठी थांबणार का?"

मी थांबवायला हवं होतं. मी काय केलं? नारळावरून भांडले. मशीनच्या खोलीत नारळ फोडायचा नाही, पाणी आत गेलं तर जबाबदार कोण, म्हणून आवाज चढवला. ते त्यांनी ऐकलं, नारळ बाहेर पायरीवर फुटला. हळदीकुंकू मात्र आत झालं. मशीनला हार घातला, पेढे वाटले, चेअरमननी बटण दाबलं, टाळ्या पडल्या. आणि मी मशीन चालू करायच्या यादीत त्या सगळ्या कोऱ्या ओळींपुढं "डिफॉल्ट ठेवले", म्हणजे डेटाबेसच्या मनावर सोडले, असं लिहून मोकळी झाले. आणखी एक गोष्ट तेव्हा कुणी लक्षात घेतली नाही. मशीन नवं होतं, पण नोंदी ज्यात साठवलेल्या होत्या त्या डिस्का जुन्याच होत्या. पहिला आठवडा कुणाची तक्रार आली नाही, त्यामुळं मीही मिरवत होते.

नंतर एका दुपारी शालन आली. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावात ती बायकांचं दूध केंद्र चालवायची. चाळीस बायका तिथं दूध घालायच्या, स्वतःच्या नावानं. गावात दुसरंही केंद्र होतं, पण तिथल्या वहीत म्हैस कुणी का सांभाळेना, नाव घरधन्याचंच लागायचं. म्हणून तर शालननं पाच वर्षं हेलपाटे घालून वेगळा कोड मिळवला होता. ती आत आली, खुर्चीत बसली नाही.

"म्याडम, दोन डाव आमचं दूध आंबाट म्हनून माघारी धाडलं. आमच्या दुधात खोट न्हाय."

"कॅन नीट धुता का?"

"धुतो की. सोडा लावून, गरम पान्यानं. तुमी या बघाया."

"मग टेम्पोला उशीर होत असेल. ऊन किती आहे बघताय ना."

"टेम्पो नवाच्या ठोक्याला हितं गेटावर असतो. तिथनं म्होरं तुमच्या ताब्यात."

मला राग आला. आज लिहितानासुद्धा लाज वाटते, पण आला. मी म्हटलं, "शालनताई, आमचं मशीन आता चौसष्ट प्रोसेसरचं आहे. इथं वेळ लागत नाही. इतक्या केंद्रांचं दूध येतं, कुणाची तक्रार नाही. तुमचंच बरं नासतं?"

ती म्हणाली, "तुमचं मशीन मला कळत न्हाय. पर दूध कळतंय. उद्या येक डाव नवाला गेटावर येऊन हुबं ऱ्हावा. आजून येकदा माघारी आलं की आमचा कोड बंद. मंग माझ्या बाया परत घरधन्याच्या नावावर."

नियम तसाच होता. लागोपाठ तीन वेळा दूध नापास झालं की केंद्राचा कोड बंद. तिचं बोलणं मला चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी पावणेनऊला गेटवर हजर झाले, खरं सांगायचं तर तिला खोटी पाडायलाच.

गेटवर नामदेव तात्या होते, आमचे वॉचमन. टेम्पो आला की ते एका लांबट वहीत बॉलपेननं वेळ लिहायचे. दोन वर्षांपूर्वी मीच टिपण लिहिलं होतं की संगणक असताना ही वही कशाला, बंद करा. तात्यांनी काही ती बंद केली नव्हती. सहा वाजल्यापासूनचे टेम्पो सरसर आत गेलेले वहीत दिसत होते. कळसचा टेम्पो नऊ वाजून पाच मिनिटांनी आला. सगळ्यांत लांबून येणारा, म्हणून शेवटचा. पुढं तीन टेम्पो उभे होते. शालन टेम्पोतच होती, कॅनवर ओली पोती टाकून बसलेली.

आमच्या डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घ्यायच्या फलाटावर, एका टेम्पोत पाच-सहा केंद्रांचे कॅन यायचे, आणि रिवाज असा की, केंद्राचा कोड संगणकात टाकायचा, पावती बाहेर आली की मगच कॅनचं झाकण उघडायचं. हेराफेरी होऊ नये म्हणून तो नियम मीच घालून दिला होता, आणि त्याचा मला अभिमान होता. पावतीला दहा-वीस सेकंद लागायचे. त्या सकाळी पावत्या काढणाऱ्या मुलीनं कोड टाकला आणि पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मी घड्याळ लावून बसले. पहिल्या टेम्पोच्या एका पावतीला सहा मिनिटं. दुसऱ्या पावतीला आठ. साडेदहा वाजले तरी दुसरा टेम्पो पुरता रिकामा झाला नव्हता.

"रोज असं होतं?" मी विचारलं.

"नऊपर्यंत झकास चालतं मॅडम. नऊ वाजले की मेलं झोपतं. आम्हाला वाटलं, नवं आहे, बसेल हळूहळू."

म्हणून बाकीच्यांची तक्रार नव्हती. लवकर येणारे सुटून जात होते, आणि उशिरा येणारे तिघे जवळच्या गावांचे होते, त्यांचं दूध ताजं. मी जिन्यानं वर पळाले. मशीनवर काय काय चालू आहे त्याची यादी उघडली आणि हबकलेच. एकशे अठ्ठावीस मदतनीस! सगळे एकाच प्रश्नाला जुंपलेले. तो प्रश्न कुठून आला बघितलं तर चेअरमनच्या केबिनमधून. तिथं भिंतीवर एक मोठा टीव्ही होता. त्यावर आजचं दूध, कालचं दूध, गेल्या वर्षीचं दूध असे रंगीत आलेख फिरायचे. शिपाई नऊला केबिन उघडून टीव्ही लावायचा, चेअरमन असोत नसोत. दर पाच मिनिटांनी तो टीव्ही सगळ्या जुन्या नोंदी उपसून आलेख नव्यानं काढायचा. पूर्वी त्याला आठ मदतनीस मिळायचे, तो रडतखडत आलेख काढायचा, कुणाला त्रास नव्हता. आता डेटाबेसनं चौसष्ट प्रोसेसर मोजले आणि मी कोरी सोडलेली ओळ एकशे अठ्ठावीसनं भरली. ते सगळे त्याच जुन्या डिस्कांवर तुटून पडले होते, आणि डॉकवरच्या मुलीची एवढीशी पावती मागं ताटकळत होती.

मी केबिनमध्ये गेले. शिपायाला म्हटलं, टीव्ही बंद कर.

"साहेबांना विचारावं लागंल मॅडम."

"तू विचार, तोवर मी बंद करते," म्हटलं आणि भिंतीतली पिन उपसली.

खाली येईपर्यंत पावत्या धडाधड सुटायला लागल्या होत्या. अकराला पाच कमी असताना कळसचा नंबर लागला. शालननं झाकण उघडलं. लॅबच्या माणसानं परीक्षानळीत घोटभर दूध घेऊन तापवलं. चांगलं दूध तापवलं तर नुसतं उकळतं, आंबलेलं गोठतं. ते गोठलं. दुसरा कॅन, तिसरा कॅन, तेच. जवळजवळ दोन तास ते दूध मे महिन्याच्या उन्हात आमच्या दारात उभं होतं. शालननं झाकणं लावली. कॅन परत टेम्पोत चढवले आणि निघून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

दुपारी सकाळचं दूध संपून संध्याकाळचं यायच्या आधी दोन-तीन तास मोकळे मिळतात. त्या वेळात मी डेटाबेस बंद करून चालू केला. प्रोसेसर किती, या ओळीपुढं मी माझ्या हातानं आठ लिहिलं आणि बदलांच्या वहीत तसं नोंदवून खाली सही केली. टीव्हीच्या प्रश्नाला एकच मदतनीस बांधून दिला. मशीन बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून फोनवर ओरडत होता, "मॅडम, डिफॉल्टला हात लावू नका! सिस्टिम सगळं स्वतः ठरवते!"

"ठरवते ना? तिनं ठरवलं म्हणूनच चाळीस बायकांचं दूध नासलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या सकाळी पावती पाच सेकंदांत येत होती.

जनरल मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. "मॅडम, आपण चौसष्ट घेतले आणि तुम्ही त्याला आठच दाखवले? चेअरमनसाहेबांना काय सांगू?"

"काम चाललंय असं सांगा."

"बरं. चाललंय ना? मग विषय संपला."

"कळसचा कोड बंद करायचं पत्र तुमच्या टेबलावर आहे," मी म्हटलं. "ते निघता कामा नये."

"का? दूध आंबट होतं, हे खोटं आहे का?"

"खरं आहे. पण ते आपण आंबवलं."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना काय नडत होतं ते मला दिसत होतं. नव्या मशीनची चूक म्हटलं की मुहूर्त आला, मुहूर्त आला की चेअरमन आले. त्यापेक्षा कळसच्या बायकांनी कॅन धुतले नाहीत, हे किती सोपं! माझं टाळकं फिरलं. मी सरळ गेटवर गेले आणि तात्यांकडं वही मागितली.

तात्यांनी ती काढून दिली. "तुमी बंद करा म्हनला हुता. म्या आयकलं न्हाय," म्हणाले. "आता न्या. पर सांबाळून, परत आनून द्या."

तिन्ही दिवसांची पानं मी झेरॉक्स केली. कळसचा टेम्पो गेटवर कधी आला, हे तात्यांच्या अक्षरात. दूध कधी तपासलं, ते संगणकात. दोन्ही शेजारी मांडलं. त्याखाली काय झालं ते साध्या मराठीत दोन पानं लिहिलं आणि शेवटी लिहिलं की प्रोसेसरवरून ठरणाऱ्या ओळी मी तपासल्या नाहीत आणि चाचणीशिवाय मशीन चालू होऊ दिलं, ही चूक माझी आहे, कळस केंद्राची नाही.

साहेबांनी ते वाचलं. "तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आहे. हे बोर्डापुढं गेलं तर तुमच्यावर शेकेल. कशाला डोक्याला ताप?"

"जाऊ द्या बोर्डापुढं," मी म्हटलं. "नाही पाठवलं तर मी स्वतः सभेत जाऊन वाचेन."

पाठवलं त्यांनी. सभेत चेअरमन मला म्हणाले, "बाई, चौसष्टातले आठच कामाला लावले, तर बाकीचे काय बसून खाणार?" सगळे हसले. मी म्हटलं, "साहेब, डॉकवर नळी एकच असेल तर शंभर माणसं लावून टँकर लवकर रिकामा होतो का? एकमेकांच्या पायात पाय येतात. आधी डिस्का बदला, मग मी चौसष्टच्या चौसष्ट कामाला लावते." कुणी हसलं नाही. दूध काय असतं ते त्या सगळ्यांना कळत होतं.

ठराव झाला. कळसचे तिन्ही नापास शेरे रद्द, कोड चालू. आणि माझ्या सेवापुस्तकात नोंद, "नवीन यंत्रणा चाचणी न घेता सुरू करण्यात निष्काळजीपणा." मुहूर्ताचा म सुद्धा त्यात नव्हता. मी भांडले नाही. चूक माझी होती हे मीच लिहिलं होतं, मग आता त्यात कुणाला वाटेकरी करू?

पण गावात काय झालं ते मला शालनकडूनच कळलं. ठराव फायलीत गेला आणि तिथंच राहिला. कोड चालू झाला, पण सचिवांच्या बैठकीत इतर केंद्रांचे लोक अजून म्हणत होते, "बायकांचं केंद्र हाय, आंबाट दूध घालत्यात, वशिल्यानं वाचलं." आठ-दहा बायका दूध घेऊन परत दुसऱ्या केंद्रावर गेल्या होत्या. घरधन्यांनी नेलं होतं.

निवृत्तीच्या आठवड्यात साहेबांनी परत बोलावलं. आवाज मऊ होता. "मॅडम, एवढी वर्षं सेवा झाली, पुस्तकात डाग कशाला? शेरा काढून टाकू. तुम्ही फक्त तो अहवाल मागे घ्या. जुनं झालं आता."

कळसच्या नापासावर काट मारली होती ती त्याच अहवालाच्या आधारानं. तो फायलीतून निघाला की त्या बायकांकडं दाखवायला काही उरत नव्हतं. मी म्हटलं, "शेरा राहू द्या साहेब. मला त्या पानाची झेरॉक्स तेवढी द्या."

निरोप समारंभ सभागृहात झाला. सगळ्या केंद्रांचे सचिव आले होते. शालन आणि तिच्या केंद्राच्या बायका टेम्पो करून आल्या होत्या, मागच्या रांगांत बसल्या होत्या. साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, "मॅडमची सेवा निष्कलंक होती." टाळ्या पडल्या. मग शाल, नारळ, आणि माईक माझ्या हातात.

मी पर्समधून झेरॉक्स काढली. "साहेब चुकून निष्कलंक म्हणाले," मी म्हटलं. "माझ्या पुस्तकात एक शेरा आहे, तो ऐका." शेरा वाचला, मग अहवालाची दोन्ही पानं वाचली, टेम्पो आल्याच्या वेळा, दूध तपासल्याच्या वेळा, सगळं. साहेबांनी दोनदा घड्याळाकडं बघितलं. मी थांबले नाही. शेवटी म्हटलं, "कळसच्या बायकांच्या दुधात कधीच खोट नव्हती. ते मी नासवलं. शालनताई, तुम्ही सांगायला आलात तेव्हा मी तुम्हाला खोटं ठरवलं, त्याची माफी मी ह्या सगळ्यांच्या देखत मागते."

मग मागच्या रांगेतून शालन उठली आणि सचिवांकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "आयकलं का समद्यांनी?"